घारापुरी, माथेरान, महाबळेश्वर: जिथे माकडं आहेत तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझी आत्या वर्ध्याकडची. काळ्या तोंडाची वानरं तिच्या लहानपणापासून कौलांवर नाचलेली, त्यामुळे माकडाची भीती वगैरे तिला कधी वाटलीच नाही. मागे ती मुंबईला आली तेव्हा मी तिला घारापुरीला घेऊन गेले, धक्क्यापासून वर लेण्यांपर्यंत साधारण १२० पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूला दुकानं, वरती ताडपत्री, आणि आत्याच्या हातात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सहा केळी. पायऱ्या संपत आल्या आणि एक लाल तोंडाचं माकड शांतपणे आलं आणि पिशवीला लोंबलं. आत्याने पिशवी ओढली. बस एवढंच झालं, पुढच्या दोन सेकंदात मनगटावर दात लागले आणि हातावर चार ओरबाडे. केळी तर गेलीच.

त्यानंतरचे दोन दिवस आमचे जे काही गेले त्यावरून हे सगळं लिहितेय, आणि तेव्हापासून पाहुण्यांना, सोसायटीतल्या लोकांना घेऊन मी जिथे जिथे गेलेय तिथे जे बघितलं, तिथल्या लोकांकडून जे शिकले तेही यात आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, बोर्ड लावलेला असतो "माकडांपासून सावध रहा" म्हणून, पण सावध म्हणजे नेमकं काय करायचं ते त्या बोर्डावर नसतं.

पायरी १: घरीच बॅग नीट भरा

निम्मं काम इथेच होतं, म्हणून यावर जरा वेळ घालवते.

हातात काहीही लोंबतं ठेवायचं नाही. प्लास्टिकची पिशवी तर अजिबातच नाही, कारण अशा ठिकाणची माकडं वास घेत बसत नाहीत, ती पिशवी ओळखतात. पिशवी म्हणजे खाणं हे त्यांना पक्कं माहितीये, आत औषधं आहेत का ओले कपडे आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. वेफर्सच्या पाकिटाचा कुरकुर आवाज झाला की पन्नास फुटांवरच्या झाडावरची मान वळते, हे मी स्वतः माथेरानला कितीतरी वेळा बघितलंय. तर चेनवाली पाठीवरची सॅक घ्या, खाणं स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा सॅकच्या तळाशी. बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात पाण्याची बाटली पण नको, विशेषतः रंगीत सरबताची किंवा कोल्ड्रिंकची. घारापुरीची माकडं बाटली पळवून झाकण काढून पितात, आणि लोक त्याचे व्हिडिओ काढतात त्यामुळे ते आणखी चालू राहतं.

चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी लावून घ्या, पन्नास-साठ रुपयांना मिळते. कानाचं मशीन लावणारे आजी-आजोबा सोबत असतील तर टोपी किंवा स्कार्फ. रोजच्या गोळ्या पर्समध्ये नको, कोणाच्या तरी आतल्या खिशात. मोबाईल सेल्फी स्टिकला लावून फिरायचं नाही, माकडांच्या टप्प्यात तर नाहीच.

आणि एक गोष्ट जी कोणीच नेत नाही ती म्हणजे साबण. हॉटेलात मिळते तशी छोटी वडी किंवा कागदी साबण चालेल, पण प्रत्येक ग्रुपमागे एक तरी पाहिजे, कशासाठी ते पुढे येईल.

देवस्थानाला जात असाल, म्हणजे लेण्याद्री, सप्तशृंगी वगैरे, तर नारळ, पेढे, केळी हातातल्या परडीत घेऊन पायऱ्या चढायच्या नाहीत. लेण्याद्रीला २८३ पायऱ्या आहेत आणि वाटेत माकडं बसलेलीच असतात. प्रसाद सॅकमध्ये टाका, गाभाऱ्यापाशी पोचल्यावर काढा. दुकानदार म्हणतो "काय नाय करत", पण तो खाली दुकानात असतो आणि वर तुम्ही असता.

पायरी २: समोर कोण आहे ते ओळखा

आपल्याकडे डोंगरावर, लेण्यांवर मुख्यतः दोन प्रकार भेटतात आणि दोघांशी वागायची रीत थोडी वेगळी आहे.

लाल-गुलाबी तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस, करडं-तपकिरी अंग, हे टोपी माकड. कोकणात केलडं म्हणतात. हे फक्त दक्षिण भारतातच सापडतं, आपल्याकडे सह्याद्रीत भरपूर. नर साधारण सहा ते नऊ किलोचा, म्हणजे आकाराने छोटाच, पण हात चपळ आणि डोकं त्याहून चपळ. गालात पिशव्या असतात, त्यात भराभर कोंबायचं आणि लांब जाऊन निवांत खायचं, त्यामुळे हिसकावून पळणं हे त्यांच्या शरीरालाच जमणारं काम आहे. चेन उघडणं, खिशात हात घालणं, गाडीच्या खिडकीतून आत येणं हे सगळं बहुतेक यांचंच. उत्तरेत मथुरा-वृंदावन, सिमला इथे जी लाल तोंडाची माकडं भेटतात ती ऱ्हीसस, जात वेगळी पण स्वभाव या बाबतीत तसाच.

काळं तोंड, राखाडी-रुपेरी अंग, लांबलचक शेपूट ते वानर. टोळीच्या मुख्य नराला हुप्प्या म्हणतात, तो पंधरा-अठरा किलोचाही असतो. वानराचं मुख्य खाणं पाला, कोवळी पानं, शेंगा, आणि पाला पचवायला त्याचं पोट कप्प्याकप्प्याचं असतं. त्याला गालाच्या पिशव्या नसतात. हे सहसा स्वतःहून अंगावर येत नाही, लांब बसून बघत राहतं, पण जिथे लोकांनी बिस्किटं, पाव घालून घालून सवय लावलीये तिथे हेही ओढाताण करतं, आणि चावलं तर जखम मोठी होते कारण सुळे मोठे. माझ्या आत्याची गफलत इथेच झाली, तिने आयुष्यभर बघितलेली वानरं आणि घारापुरीची केलडी यांना तिने एकच समजलं.

पोचल्यावर तिथल्या माणसाला विचारा. घोडेवाले, हातगाडीवाले, काकडी-कैरी विकणाऱ्या मावशी, यांना आज टोळी कुठे बसलीये, त्यातला खोडकर नर कोणता, सगळं माहिती असतं. "दादा, माकडं कुठल्या बाजूला आहेत?" एवढं विचारलं तरी ते नीट सांगतात.

पायरी ३: चालताना

पायऱ्यांच्या कठड्याला हात धरून चालायची आपली सवय असते पण माकडं कठड्यावरच बसतात, म्हणून शक्यतो मधून चाला. लहान मुलं दोन मोठ्यांच्या मध्ये आणि मुलांच्या हातात खाणं नाही, आईस्क्रीमचा कोन पण नाही, रडलं तरी नाही. मुलाची उंची माकडाच्या तोंडाच्या पातळीला येते आणि चावा हातावर न लागता चेहऱ्यावर लागतो, आणि चेहऱ्याचा चावा डॉक्टरांच्या हिशोबात जास्त गंभीर.

पिल्लू दिसलं की सगळे "अय्या किती गोड" करत जवळ जातात. टोपी माकडांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मतात, म्हणजे नेमकी सुट्ट्या सुरू व्हायच्या आसपास. पिल्लू आणि त्याची आई यांच्या मधून कधीच जायचं नाही, वळसा घाला. एखादं पिल्लू ओरडलं तर पूर्ण टोळी येते, एकटी आई येत नाही.

डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही. आपल्यात बोलताना डोळ्यात बघणं चांगलं समजतात पण माकडांमध्ये रोखून बघणं म्हणजे सरळ धमकी. आणि हसताना दात दाखवणं, हे तर आणखीन घोळाचं. आपण म्हणतोच ना "दात विचकतंय", ते हसणं नसतं हे आपल्या भाषेला माहितीये, तरी लोक समोर आल्यावर विसरतात. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बार्बरी माकडांच्या चेहऱ्यांचे फोटो लोकांना दाखवून विचारलं होतं की हे माकड कुठल्या मूडमध्ये आहे, तर धमकीचा चेहरा बऱ्याच जणांना मैत्रीचा वाटला. म्हणून खुणा पाठ करून ठेवा. तोंडाचा गोल चंबू उघडून एकटक बघणं, भुवया वर, कान मागे, मान पुढे काढणं, जागच्या जागी एकदम पुढे झेपावल्यासारखं करणं, फांदी किंवा पत्रा गदागदा हलवणं, हे सगळं "लांब हो" असं आहे. मोठी जांभई देऊन सुळे दाखवले तर झोप आलीये असं समजू नका, बऱ्याचदा ते अस्वस्थ असतं. यातलं काहीही दिसलं की फोटो काढणं थांबवा आणि हळू मागे व्हा.

फोटो काढायचाच तर झूम करून लांबून. शेजारी बसवून, खांद्यावर घेऊन, खाऊ दाखवून बोलावून नाही.

खायला घालण्याबद्दल

ही पायरी नाही पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शनिवारी मारुतीला जाऊन माकडांना केळी, फुटाणे घालायची पद्धत आमच्याही घरात होती. आजी म्हणायची मारुतीच्या रूपाला खायला घातलं की घरात काही कमी पडत नाही. त्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही, मलाही मारुती तेवढाच प्रिय आहे. पण त्या केळ्यानंतर काय होतं ते एकदा तिथे अर्धा तास बसून बघा. पहिलं केळं हुप्प्या किंवा मोठा नर घेतो, लहान माकडाने हात पुढे केला तर त्याला चोप मिळतो, ओरडाआरडा, मग हातातली केळी संपली तरी टोळीला ते पटत नाही, ते तुमच्या खिशात, पर्समध्ये शोधायला लागतं, तुम्ही घाबरून हात मागे घेता आणि तिथे चावा लागतो. आणि पुष्कळदा खायला घालणारा निघून गेलेला असतो आणि चावा मागून येणाऱ्या रिकाम्या हाताच्या माणसाला बसतो.

बांदीपूरमध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी बघितलंय की तिथली टोपी माकडं पर्यटकांसमोर आवाज काढून, हात पुढे करून खाणं मागायला शिकलीत. जंगलातलं जनावर आपल्यामुळे हात पसरायला शिकलं. मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं.

घाटातलं तर विचारूच नका. वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी भजी-वडापावच्या टपऱ्या आहेत, लोक गाडी थांबवतात, अर्धा पाव खिडकीतून टाकतात, आणि मग माकडं दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून राहतात. धुक्यात, पावसात, वळणावर. त्यातली किती गाडीखाली येतात ते त्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारा. ताम्हिणी, आंबोली, सगळीकडे हेच. वानराच्या कप्प्याच्या पोटाला बिस्किटाची साखर आणि मैदा सोसत नाही, तो प्राणी पाल्यासाठी बनलेला आहे. शिवाय माणसाजवळ यायची सवय लागलेल्या टोळ्या वाडीत, परसात शिरतात आणि कोकणातल्या शेतकऱ्याचे नारळ, आंबे, भाजी यांचं जे नुकसान होतं ते तो गप्प सोसतो किंवा शेवटी लागवडच सोडतो.

दान करायचंच असेल तर देवळाच्या पेटीत टाका, झाडं लावणाऱ्यांना द्या. रस्त्यावर केळं टाकू नका. हात जोडून सांगते.

पायरी ४: माकड समोर आलंच तर

पळायचं नाही. पाठ फिरवली की ते मागे लागतं, आणि पायऱ्यांवर पळताना पडून जे लागतं ते चाव्यापेक्षा वाईट असू शकतं. किंचाळायचं नाही. दोन्ही हात पुढे करून तळवे उघडे दाखवा, बोटं पसरून, म्हणजे हातात काही नाही हे त्याला कळतं, हे माथेरानच्या एका घोडेवाल्या काकांनी मला शिकवलं आणि खरंच चालतं. नजर खाली किंवा बाजूला, शरीर तिरकं, एकेक पाऊल मागे. हातात काठी असेल तर जमिनीवर आपटा, पुष्कळदा तेवढंच पुरतं. मारायचं नाही, दगड मारायचा नाही. दगड एका माकडाला लागतो आणि उत्तर द्यायला पूर्ण टोळी उतरते, आणि वन्यप्राण्याला इजा करणं चूकच आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कारवाईही होऊ शकते.

त्याने वस्तू पकडली असेल तर सोडा. ही या अख्ख्या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असली तर ही ठेवा. सोडा. पिशवी असो, डबा असो, टोपी असो. रस्सीखेच सुरू झाली की ते हातालाच चावतं, कारण त्याच्या दृष्टीने आता तुम्ही त्याचं खाणं ओढताय. आत्याला मी आजही विचारते की का ओढलीस गं, तर ती म्हणते "हात आपोआप ओढतो". खरंय, आपोआप ओढतो, म्हणूनच आधीपासून मनात ठरवून जायला लागतं. मुलांना तर घरी खेळ म्हणून शिकवा, मी पिशवी धरली की तू सोडायची.

अंगावर चढलं तर? खांद्यावर, पाठीवर बसलं तर ओढून काढायला जाऊ नका आणि दुसऱ्यालाही ओढू देऊ नका. थोडं खाली वाका, हळूहळू चालत रहा, बहुतेक वेळा ते सॅक चाचपून उतरून जातं. खाणं बाहेर लटकत असेल तर ते खाली पडू द्या.

चष्मा, मोबाईल, पर्स नेलं तर मागे धावू नका, ते उंच जाऊन बसतं आणि वस्तू दरीत पडते. तिथल्या सिक्युरिटीवाल्याला किंवा दुकानदाराला हाक मारा. वृंदावनला तर हे ठरलेलंच झालंय, माकड चष्मा नेतं, खालून कोणीतरी फ्रूटीचं पाकीट फेकतं, वरून चष्मा खाली येतो. बालीमधल्या उलुवाटू मंदिरातही हेच चालतं, तिथल्या माकडांवर कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अभ्यास छापला, त्यात दिसलं की मोठी, अनुभवी माकडं माणसाला जी वस्तू जास्त मोलाची तीच बघून चोरतात आणि मनासारखं खाणं मिळेपर्यंत वस्तू सोडत नाहीत. म्हणजे प्रत्येक सौद्यात आपण त्यांना आणखी पक्कं करतो. चष्म्याशिवाय दिसतच नसेल तर तिथल्या माणसाला त्याच्या पद्धतीने सोडवू द्या, माणूस अडलेला असतो, मी समजू शकते. पण टोपी, गॉगल, लिपस्टिक असल्या गोष्टींसाठी बिस्किटाचे पुडे फेकत बसू नका.

गाडीने गेलात तर महाबळेश्वरच्या पॉइंटांवर काचा पूर्ण वर, सनरूफ बंद. मक्याचं कणीस आणि स्ट्रॉबेरी गाडीत बसून, दारं लावून खा.

पायरी ५: चावलं किंवा ओरबाडलं तर

आता साबणाचं.

जखम कितीही छोटी असो, त्याच जागी, ताबडतोब, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण दुखत असताना दोन मिनिटंसुद्धा पंधरा वाटतात. नळ नसेल तर बाटलीने धार धरा, संपली की दुसरी बाटली विकत घ्या. घारापुरीहून गेटवेला लाँचने परत यायलाच तासभर लागतो, तोपर्यंत थांबायचं नाही. आत्याच्या वेळी तिथल्या ताक विकणाऱ्या बाईने स्वतःचा भांड्यांचा साबण आणि कळशीभर पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत, बेटावर प्यायचं पाणी जपून वापरावं लागतं तरी दिलं. मी त्यांचं नाव विचारायची राहिले, याचं मला अजून वाईट वाटतं.

धुऊन झाल्यावर असेल तर बीटाडीन लावा. हळद, चुना, मिरची पूड, तंबाखू, तेल काहीही भरायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. जखम उघडी ठेवा.

मग इंजेक्शन. इथे आमचं चुकलं, म्हणजे आम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो, तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली आणि सांगितलं की माकडाला रेबीज नसतो, काळजी करू नका. आम्ही निश्चिंत होऊन घरी आलो. रात्री माझ्या नर्स असलेल्या मैत्रिणीशी सहज बोलणं झालं, ती फोनवर ओरडलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी हॉस्पिटलात नेलं तेव्हा नीट उपचार सुरू झाले. रेबीज माकडात कुत्र्याइतका आढळत नाही हे खरं, पण ते सस्तन प्राणी आहे, त्याला होऊ शकतो, आणि एकदा माणसात लक्षणं दिसायला लागली की जवळपास कोणीच वाचत नाही. म्हणून आपल्याकडच्या उपचारांच्या नियमात माकडाचा चावाही धरलेला आहे. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवून बघतात तसं रानटी माकडाच्या बाबतीत करता येत नाही, त्यामुळे वाट बघायची नसते, लगेच सुरू करायचं.

डॉक्टर साधारण असं बघतात. नुसता हात लागला, कातडी शाबूत आहे, किंवा शाबूत कातडीला चाटलं, तर इंजेक्शन लागत नाही. रक्त न येता ओरखडा, कातडीला बारीक दात लागलेत, तर लस. रक्त आलंय, दात आत घुसलेत, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेलीये, तर लस आणि त्याबरोबर जखमेच्या आत आणि आजूबाजूला द्यायचं सीरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. हे सीरम लोकांना माहितीच नसतं आणि लहान दवाखान्यात बऱ्याचदा ठेवलेलं नसतं, म्हणून स्वतः विचारा, "सीरम लागेल का, इथे आहे का?" नसेल तर कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात मिळेल ते विचारा. पहिल्याच दिवशी मिळालं तर उत्तम, काही कारणाने राहिलं तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येतं, त्यानंतर उपयोग नाही. आणि कोणी लगेच टाके घालायला निघालं तर आधी सीरमचं विचारा, अशा जखमेला शक्यतो लगेच टाके घालत नाहीत, घालावेच लागले तर सीरम दिल्यावर.

लसीचे डोस: सरकारी ठिकाणी सहसा कातडीत देतात, ते चार वेळा, पहिला दिवस म्हणजे शून्य, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खाजगीत दंडात स्नायूमध्ये देतात, ते पाच, ०, ३, ७, १४, २८. मध्येच पद्धत बदलू नका, म्हणून पहिल्या दिवशीचा कागद जपून ठेवा आणि मोबाईलमध्ये सगळ्या तारखांचे अलार्म लावा. पोटात चौदा इंजेक्शनं हे जुनं झालं, त्या भीतीने जायचं टाळू नका. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारी माणसं, सगळ्यांना ही लस चालते. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर सहसा ० आणि ३ असे दोनच डोस आणि सीरम लागत नाही, पण तो जुना कागद दाखवा. धनुर्वाताचं वेगळं, आणि जखम पिकू नये म्हणून गोळ्या डॉक्टर ठरवतील.

कुठे जायचं ते निघायच्या आधीच बघून ठेवा. माथेरानला जाताय तर खाली कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, लेण्याद्रीला जुन्नर, घारापुरीहून परत आल्यावर मुंबईतलं कुठलंही मोठं सरकारी किंवा पालिकेचं हॉस्पिटल. लस सरकारीत मोफत असते. अँब्युलन्स १०८. माकड सारखं हल्ले करतंय, जखमी आहे, तारेत अडकलंय तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

सिंधुदुर्ग-गोव्याकडे जाणाऱ्यांसाठी

दोडामार्ग, सावंतवाडी, पलीकडे गोव्यातला सत्तरी, या पट्ट्यात माकडतापाच्या साथी येऊन गेल्यात. हा चाव्याने होत नाही, गोचिडीने होतो. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, माकडं यात मरतात आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी जंगलात पसरतात. तर हिवाळा ते उन्हाळ्यात तिकडच्या रानात फिरताना मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठी पण नको, गावात किंवा वनखात्याला कळवा. पूर्ण बाह्या, लांब पँट, मोजे, आणि पालापाचोळ्यात बसायचं नाही. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, अंगावर गोचीड दिसते का बघा. पुढच्या आठवड्याभरात जोराचा ताप, डोकं, अंग खूप दुखायला लागलं तर डॉक्टरला कुठे गेला होतात ते सांगा, नाहीतर ते मलेरिया-डेंग्यूच तपासत बसतात.

आत्याचे सगळे डोस वर्ध्याला जाऊन पूर्ण झाले, इथला कागद तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवला, त्यांनी पुढचे डोस दिले, काही अडचण आली नाही. मनगटावर दोन ठिपके राहिलेत. या दिवाळीत ती परत येतेय आणि लेणी बघायची राहिली म्हणून घारापुरीला परत जायचंय असं म्हणते, या वेळी सॅक माझ्या पाठीवर असेल, केळी घरी, आणि तिच्यासाठी चष्म्याची दोरी मी आणून ठेवलीये. त्या ताकवाल्या बाई भेटल्या तर बरं होईल.